देहूच्या पेठेतील महाजन : श्रीतुकोबाराय

फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकाराम बीज. हा दिवस जवळ आला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील घराघरांत तुकोबारायांचे नाव अधिक प्रेमाने निघू लागते. कीर्तनांतून त्यांचे वैराग्य, त्यांची सोशीकता आणि त्यांचे वैकुंठगमन यांचे वर्णन होते. ते ऐकताना मन भरून येते, यात संशय नाही. परंतु या थोर पुरुषाचा जन्म व्यापाऱ्याच्या घरी झाला, त्यांचे तारुण्य दुकानात, बैलांच्या पाठीवरील गोण्यांत आणि कर्जरोख्यांच्या बस्त्यात गेले, आणि त्यांच्या जीवनाला मिळालेली कलाटणी याच व्यवहारातून मिळाली, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी राहत नाही.

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांचा चरितार्थ शेतीवर किंवा व्यापारावर चालतो. कोणाचा कापसाचा, कोणाचा संत्र्याचा, कोणाचा किराणा मालाचा व्यवहार आहे. उधारी, व्याज, पावसाने दिलेला दगा आणि बुडालेली येणी यांचा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून या अंकी आम्ही तुकोबारायांचे चरित्र त्यांच्या पेठेच्या बाजूने सांगावे असे योजिले आहे. त्यांचे अभंग वाचकांना मुखोद्गत असल्यामुळे येथे एकही चरण उद्धृत केलेला नाही. चरित्राचा काही भाग तुकोबारायांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगांतून सांगून ठेवला आहे. काही भाग ताहराबादच्या महिपतीबुवांनी 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांत शंभराहून अधिक वर्षांनंतर लिहिला. त्यातील घडलेले कोणते आणि श्रद्धेने सांगितलेले कोणते, हे ओघात येईलच.

घराणे आणि पेठ

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. तेथील मोरे घराण्यात बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. जन्मसाल सर्वसाधारणपणे शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मानतात. घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा. ते तुकोबांच्या आठ पिढ्या आधीचे. पंढरीची वारी त्यांच्यापासून घरात चालत आलेली होती आणि विठ्ठल-रखुमाईचे देऊळही त्यांनीच देहूस स्थापिलेले होते.

हे घराणे जातीने कुणबी, परंतु उदीम वाण्याचा. त्यामुळे तुकोबांना लोक वाणी म्हणत. जन्माने जो धंदा नेमून दिला त्याच्या बाहेर त्या काळी कोणी पाऊल टाकीत नसे, असा आपला एक समज असतो. मोऱ्यांचे घर पाहिले म्हणजे तो सर्वस्वी खरा नव्हता असे दिसते. त्यांच्याकडे जमीन होती, दुकान होते, सावकारी होती आणि देहूच्या पेठेचे महाजनपणही होते.

महाजन ही केवळ मानाची पदवी नव्हती. ते एक वतन होते. ज्याप्रमाणे गावगाड्यात पाटील-कुलकर्णी, त्याप्रमाणे पेठेत शेटे-महाजन. बाजार भरविणे, वजने-मापे खरी राहतात की नाही हे पाहणे, वाण्या-उदम्यांचे तंटे मिटविणे आणि सरकारचा कर वसूल होण्यास साहाय्य करणे ही त्यांची कामे. त्याबद्दल त्यांना बाजारातून ठरलेला हक्क मिळे. ही कामे आणि हा हक्क बापाकडून मुलाकडे जात असे. राज्ये बदलत. निजामशाही जाई, आदिलशाही येई, जहागीरदार नवे येत, परंतु वतन आपल्या जागी राहत असे. त्या काळच्या समाजाला स्थैर्य होते ते अशा वतनांमुळे. आणि त्याच्यात जो कठोरपणा होता तोही बराचसा या वतनांमुळेच होता.

व्यापार कसा चाले तेही थोडे पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या घाटांतून तेव्हा गाडीरस्ते नव्हते. माल बैलांच्या पाठीवर लादून नेत. देशावरचे धान्य खाली कोकणात जाई, आणि कोकणातील मिठागरांचे मीठ घाट चढून वर येई. मीठ हा पदार्थ शेतात पिकत नाही आणि त्यावाचून एक दिवसही भागत नाही. म्हणून अगदी आडवळणाच्या खेड्यालाही व्यापाराच्या वाटेशी जोडणारा तोच पहिला धागा होता. देवाणघेवाण पुष्कळशी धान्यातच होई. रोख नाण्यात देशावर होन चाले, किनाऱ्याकडे लारी चाले. शेतकरी पेरणीच्या वेळी वाण्याकडून बी-धान्य उचली आणि सुगीला वाढीने परत करी. त्याचे खत लिहिले जाई. एक सुगी बुडाली तर खत पुढच्या सुगीवर जाई आणि रक्कम फुगे. वाणी स्वतःही मोठ्या सावकाराचा ऋणको असे. अशा रीतीने पावसापासून थेट पुण्याच्या सावकारापर्यंत ही साखळी पोचलेली होती.

बोल्होबांना तीन मुलगे. थोरले सावजी, मधले तुकोबा आणि धाकटे कान्होबा. सावजींचा ओढा पहिल्यापासून विरक्तीकडे होता. त्यांनी दुकान नाकारले. तेव्हा तेरा वर्षांच्या तुकोबांच्या हाती बापाने कारभार दिला. मुलगा हुशार निघाला. हिशेब चोख, बोलणे गोड, व्यवहार सरळ. त्यांचे पहिले लग्न रखमाबाईशी झाले. तिला दम्याचा विकार होता. म्हणून पुढे पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सधन सावकाराची मुलगी जिजाई हिच्याशी दुसरे लग्न झाले. गुळव्यांसारख्या घरातून मुलगी मिळाली, यावरून मोऱ्यांच्या पेढीची पत कशी असेल हे सहज कळते.

दुष्काळ

सतरा-अठरा वर्षांच्या वयात दैव फिरले. आईबाप गेले. सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले ते परतले नाहीत. प्रपंचाचा सारा भार तुकोबांच्या खांद्यावर आला. इतक्यात १६३० साल उजाडले.

त्या वर्षीचा पाऊस गेला आणि पुढील दोन वर्षे दख्खन व गुजरात यांच्यावर असा दुष्काळ कोसळला की त्याची नोंद अनेकांनी करून ठेविली आहे. सुरतेच्या इंग्रज व डच वखारवाल्यांनी विणकरांच्या वस्त्या ओस पडल्याचे व कापडाचा व्यापार बसल्याचे लिहिले. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याकडे निघाला, तेव्हा त्याला वाटेवर प्रेतांच्या राशी दिसल्या. बादशहा शहाजहान त्या वेळी दख्खनच्या स्वारीसाठी आपल्या भागापासून फार दूर नसलेल्या बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याने अन्नछत्रे उघडली, परंतु एवढ्या मोठ्या संकटापुढे ती पुरी पडणारी नव्हती. आज आपण ज्या भूमीत राहतो ती तेव्हा देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखाली होती. देहूचा पुणे परगणा तर लढायांनीही पोळलेला होता. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले. एकीकडे आभाळ कोरडे आणि दुसरीकडे फौजांची धाड, अशा कात्रीत तो मुलूख सापडला.

अशा वेळी व्यापारी नफा मिळवितो, असे लोक म्हणतात. ज्याच्याजवळ धान्याची कोठारे आहेत त्याच्यापुरते ते खरेही असेल. परंतु खेड्यातल्या वाण्याचे भांडवल हे पुष्कळदा लोकांकडे असलेले येणेच असते. कुळे गाव सोडून परागंदा झाली म्हणजे खतांचे कागद तेवढे हाती उरतात आणि सावकार मात्र दारात येऊन बसतो. तुकोबांचे तसेच झाले. बैल मेले, दुकान बसले, दिवाळे निघाले. जातभाईंनी व सासऱ्याने एकदोनदा हात दिला, पण फाटलेले आभाळ ठिगळाने शिवले जात नाही. रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ तिचा मुलगा संतोबाही गेला. ज्या पेठेचे ते महाजन होते त्याच पेठेत त्यांच्या पत्नीला अन्न मिळाले नाही, ही लाज त्यांच्या अंतःकरणात किती खोल गेली हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात नमूद केले आहे.

या पडत्या काळातील त्यांच्या व्यापाराच्या काही कथा महिपतीबुवांनी दिल्या आहेत. तुकोबा मिरच्यांच्या गोण्या घेऊन कोकणात विकावयास गेले, गिऱ्हाइकांवर विश्वास टाकून बसले आणि लोकांनी वाटेल तसा माल उचलून नेला. दुसऱ्या एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळेचे कडे सोने म्हणून त्यांच्या गळ्यात मारले. जिजाईने आपल्या भरवशावर कर्ज काढून भांडवल उभे केले. त्या पैशाने तुकोबांनी मीठ घेतले, ते नफ्याने विकले आणि परतताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला त्याला मुद्दलासकट सारे देऊन टाकले. या कथांत भक्ताच्या भोळेपणाचे कौतुक आहे. तथापि मिरची, मीठ, मुलाम्याचे सोने आणि कर्जबाजारी वाटसरू ही त्यांतील सामग्री मात्र अगदी बाजारातली आहे. मिरची हे पीक पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या देशात आलेले. महिपतीबुवांच्या काळापर्यंत ते मराठी वाण्याच्या गोणीत इतके रुळले होते की ते परके आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. जुने म्हणून आपण जे धरून बसतो त्यात असे नवे कितीतरी मिसळून गेलेले असते.

पहिले कागद

रखमाबाईच्या मृत्यूनंतर तुकोबांचे मन घरात लागेना. देहूच्या आसपास भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर असे डोंगर आहेत. तेथील एकांतात ते जाऊन बसू लागले. भामचंद्राच्या डोंगरावर ते अनेक दिवस अन्नपाण्यावाचून राहिले असता कान्होबा त्यांना शोधीत तेथे पोचले, असे परंपरा सांगते. दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तेथे तुकोबांनी घरातून सर्व कर्जरोखे आणविले.

त्या बस्त्यात काय होते, याचा विचार करावा. आसपासच्या गावांतील कुळांची खते त्यात होती. दुष्काळ सरला की ही कुळे पुन्हा जमिनीवर येणार आणि येणे पुन्हा जिवंत होणार. बुडालेली पेढी उभी करावयाची असेल तर तिचा आधार म्हणजे हेच कागद. तुकोबांनी त्यांचे दोन भाग केले. अर्धे रोखे कान्होबांच्या हाती दिले. कान्होबा लेकुरवाळे होते, त्यांना प्रपंच करावयाचा होता, त्यांचा वाटा त्यांना मिळणे न्यायाचे होते. आपल्या वाट्याचे रोखे मात्र तुकोबांनी इंद्रायणीच्या पाण्यात सोडून दिले.

कीर्तनात या प्रसंगाचे वर्णन होते तेव्हा बुडविलेल्या अर्ध्यावर भर असतो. आम्हांस भावाला दिलेला अर्धाही तितकाच मोलाचा वाटतो. आपल्या वैराग्याचा खर्च दुसऱ्याच्या नावे लिहावयाचा नाही, हा त्यातील धडा आहे. हिशेबी माणसाचा हिशेब येथे सुटलेला नाही. वाटणी काटेकोर झाली आहे, आणि मग जे निखळ आपले होते तेवढ्यावरच त्यांनी पाणी सोडले. ज्या कुळांची ती खते होती त्यांच्या दृष्टीने तर ही गोष्ट एखाद्या राजाच्या माफीपेक्षा लहान नव्हती. राजा सारा माफ करी तो एका सालाचा. येथे मागची सारी बाकीच फिटली.

पडके देऊळ

यानंतर तुकोबांनी हाती घेतले ते देवळाचे काम. विश्वंभरबाबांनी स्थापिलेले देऊळ मोडकळीस आले होते. तुकोबांनी स्वतः दगडमाती वाहून त्याची दुरुस्ती केली. मग एकादशीला कीर्तन करावे असे त्यांच्या मनाने घेतले. प्रारंभी पाठांतर नव्हते, म्हणून आधीच्या संतांची वचने त्यांनी विश्वासाने व आदराने पाठ केली. कीर्तनात दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आपली वाणी त्यांना पुढे लाभली. नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले व त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा केली, असे ते स्वतः सांगतात. बाबाजी चैतन्य यांच्याकडून स्वप्नातच गुरुमंत्र मिळाल्याचेही त्यांनी लिहिले आहे.

हा क्रम वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा. ज्याने पिढीजात सावकारी पाण्यात सोडली त्यानेच पिढीजात देऊळ उभे केले. वाडवडिलांकडून आलेल्या वारशातील एक भाग टाकला, एक भाग सावरला. नवे सांगण्यापूर्वी जुने पाठ केले. समाजात टिकाऊ बदल पुष्कळदा असाच घडतो. जुन्यावर सरसकट नांगर फिरविणारा किंवा जुन्याला सरसकट कवटाळणारा, या दोघांपेक्षाही निवड करणाऱ्याचे काम कठीण असते.

व्यापार सुटला, तरी व्यापाऱ्याची भाषा सुटली नाही. माप, मुद्दल, उधार, ठेव, खऱ्याखोट्या नाण्याची पारख हे शब्द त्यांच्या अभंगांत ठायी ठायी येतात. देवाशी भांडतानासुद्धा ते धनको-ऋणकोच्या नात्याने भांडतात. आपण केवळ माप घालणारे, माल धन्याचा, असा त्यांचा भाव आहे. प्रामाणिक मार्गाने धन मिळविण्याला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. त्यांचा रोष होता तो खोट्या मापावर आणि धर्माच्या नावाने चाललेल्या दुकानदारीवर. पेठेत बसून माणूस पारखलेला असल्यामुळे त्यांची दृष्टी फसत नसे.

जिजाई

येथे जिजाईची बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. तिला पुष्कळ कथांतून कजाग म्हणून रंगविले आहे. परंतु सधन सावकाराची ही मुलगी भरल्या घरात आली आणि थोड्याच वर्षांत तिच्यापुढे रिकाम्या कणगी उभ्या राहिल्या. भांडवलासाठी कर्ज तिने काढले. मुलांना घास तिने मिळविला. नवरा डोंगरावर बसला तर भाकरी घेऊन डोंगर तिनेच चढला. माहेराहून आलेली म्हैस तिच्या घराचा आधार होती. ती म्हैस शेजारच्या मंबाजी गोसाव्याच्या बागेत शिरली, तेव्हा मंबाजीने काटेरी फांदीने तुकोबांना झोडपून काढले. तुकोबा रात्री त्याच मंबाजीला कीर्तनास बोलावण्यास गेले आणि त्याचे हात दुखत असतील म्हणून ते चेपू लागले, अशी कथा आहे. क्षमा करणारा थोर खराच. परंतु रक्ताळलेल्या पाठीवरचे काटे वेचणारी जिजाई होती, हेही विसरू नये.

कान्होबांच्या वाटणीत जी काळजी तुकोबांनी घेतली ती जिजाईच्या वाट्याला पुरेशी आली नाही, असे कोणी म्हटले तर त्याला आम्ही उत्तर देऊ शकत नाही. त्या काळच्या कायद्यात व रूढीत भावाला वाटा होता, पत्नीला असा वेगळा वाटा नव्हता. संतालाही आपल्या काळाच्या चौकटीतच प्रपंच करावा लागतो. तुकोबांच्या कीर्तीचे मोल कोणी मोजले असेल तर ते प्रथम या माउलीने.

दुसरे कागद

तुकोबांच्या कीर्तनाला गर्दी होऊ लागली. १६३६ नंतर पुणे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत पुन्हा वसू लागला होता. पळालेली कुळे परतत होती, नांगर चालू लागले होते. होरपळून निघालेल्या या समाजाला आपल्याच भाषेत, आपल्याच बाजारातल्या शब्दांत बोलणारा माणूस हवा होता. त्यांच्याभोवती जमलेली माणसे पाहावीत. चाकणचे संताजी जगनाडे जातीने तेली, ते अभंग लिहून घेत. गंगाराम मवाळ हे ब्राह्मण, तेही लेखनिक. वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे ब्राह्मण कुळात १६२८ साली जन्मलेल्या बहिणाबाईने कोल्हापुरी असताना तुकोबांना मनाने गुरू केले आणि पुढे ती कुटुंबासह देहूस आली. तिच्या पतीला आरंभी ही गोष्ट मुळीच रुचली नाही आणि तिला पुष्कळ सोसावे लागले. तिने आपले चरित्र स्वतः पद्यात लिहून ठेविले आहे. तुकोबांना प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीची साक्ष म्हणून ते आज अमोल ठरले आहे.

ज्याप्रमाणे पेठेत माप धरण्याचा हक्क वतनाने चाले, त्याचप्रमाणे धर्म सांगण्याचा हक्कही वतनासारखाच वंशपरंपरेने चालत होता. कुणबी कुळात जन्मलेल्या वाण्याने वेदार्थ सांगावा आणि ब्राह्मणांनी त्याच्या पायी लागावे, हे काहींना सहन झाले नाही. ज्या समाजात सर्वांचे हक्क वतनांनी बांधलेले असतात तेथे एकाचे वतन हलले की दुसऱ्यास आपलेही हलेल अशी भीती वाटते. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान गृहस्थ. त्यांनी तुकोबांच्या कवित्वाला आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यास सांगण्यात आले. तुकोबांनी वह्यांना दगड बांधून त्या डोहात सोडल्या.

पहिल्या वेळी कागद बुडविले ते आपखुशीने. या वेळी बुडविले ते दुसऱ्याच्या शब्दाखातर. लोकांनी टोमणे मारले : आधी खते बुडवून प्रपंच घालविला, आता वह्या बुडवून परमार्थही घालविला. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस पडून राहिले. अखेर वह्या पाण्यावर तरंगत कोरड्या निघाल्या, असे भाविक सांगतात. तुकोबांच्या स्वतःच्या अभंगांतही देवाने वह्या राखल्याची कृतज्ञता आहे. लोकांना अभंग आधीच पाठ झाले होते, गावोगावच्या टाळकऱ्यांच्या तोंडी ते बसले होते, आणि तसे असता ते बुडणार कसे, असेही कोणी म्हणतात. आमच्या मते या दोन्ही सांगण्यांत मोठा विरोध नाही. जे लोकांच्या अंतःकरणात ठेव म्हणून जमा झाले ते परमेश्वराने राखले, असे म्हणण्यास भाविकासही हरकत नसावी.

रामेश्वरभट्टांचे पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. ते तुकोबांचे अनुयायी झाले. त्यांनी रचिलेली तुकोबांची आरती वारकरी आजही म्हणतात. आपले मत चुकले असे जाहीरपणे मानणारा विद्वान कोणत्याही काळी दुर्मिळच. तुकोबांच्या वाट्याला आलेला छळ सांगताना या पंडिताचा मोठेपणाही सांगितला गेला पाहिजे.

मागे काय उरले

छत्रपती शिवाजी महाराजांनी मानाची भेट पाठविली व तुकोबांनी ती परत केली, ही कथा सर्वश्रुत आहे. ज्याने स्वतःच्या हक्काचे रोखे सोडले त्याला दुसऱ्याचे दान स्वीकारणे कसे रुचावे? १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबाराय वैकुंठवासी झाले. वय अवघे बेचाळीस वर्षांचे. जिजाई तेव्हा गरोदर होती. नारायणबाबांचा जन्म पित्याच्या पश्चात झाला.

याच नारायणबाबांनी १६८५ च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन देहूहून आळंदीस व तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरपुरास नेण्याचा परिपाठ सुरू केला. वारी जुनी होती, पालखी नवी होती. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा घातला. आज ज्याला आपण अनादि परंपरा म्हणतो त्यातही असे टप्पे आहेत. पुढे देवस्थानास इनामे मिळाली, आणि ज्यांनी वतनाची आस सोडली होती त्यांच्या नावाने नवे वतन उभे राहिले. समाजाची रीतच अशी आहे. तो बदल घडविणाऱ्याला आधी विरोध करतो, मग त्याला मान देतो आणि शेवटी त्या मानाचीही वंशपरंपरा करतो. त्यात वावगे असेलच असे नाही, कारण जपण्यासाठी काही व्यवस्था लागतेच. मात्र आपण नेमके काय जपीत आहोत याचे भान सुटता कामा नये.

इंद्रायणीत तुकोबांचे कागद दोनदा पडले. त्यातील कर्जरोखे कोणी परत मागितले नाहीत, आणि कोणत्या कुळाकडे किती येणे होते हे आज कोणासही ठाऊक नाही. अभंगांच्या वह्या मात्र हस्तलिखितांतून चालत राहिल्या. १८६९ व १८७३ साली विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या साहाय्याने त्यांची शोधून पाहिलेली आवृत्ती दोन भागांत छापली. त्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. देहूच्या एका दिवाळखोर वाण्याची ही ठेव घरोघर पोचली. १९५६ साली प्रांतांच्या सीमा बदलल्या आणि आपला भाग मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुले शाळेत हिंदी शिकतात. तरी घरातील देवघरापुढे म्हटले जाणारे अभंग मराठीच राहिले आहेत. राज्यांच्या व जिल्ह्यांच्या हद्दी अनेकदा आखल्या गेल्या, पण ही ठेव कोणत्याही हद्दीत अडकली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दोन प्रकारचे कागद असतात. एका कपाटात खातेवह्या, जमिनीचे कागद आणि येण्याच्या चिठ्ठ्या, तर देवघराच्या फळीवर गाथा आणि पोथ्या. दोन्ही आवश्यक आहेत, आणि पहिले कपाट नदीत रिकामे करावे असे तुकोबांनी कोणास सांगितलेले नाही. परंतु यंदा पीक गेलेल्या एखाद्या कुळाचे नाव त्या चिठ्ठ्यांत असेल, भावाभावांतील एखादी वाटणी वर्षानुवर्षे अडून राहिली असेल, घरातील गृहलक्ष्मीने काढलेल्या कष्टांची नोंद कोणत्याच वहीत नसेल. बीजेच्या दिवशी कीर्तनास येण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने हे कपाट एकदा उघडून पाहावे, एवढीच आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.